स्विच आणि कॉम्प्युटरमध्ये एफटीपीने फाइल कशी पाठवायची? लॉगिन होऊनही फाइल का अडकते?

एका मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा असेल तर आपण क्विक शेअर उघडतो, समोरच्याचं नाव दिसलं की त्यावर बोट लावतो, झालं काम. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या कोपऱ्यातल्या रॅकमध्ये बसलेल्या नेटवर्क स्विचला मात्र स्क्रीन नसते आणि ॲपही नसतं. तरी त्याच्या पोटात फाइली असतातच. त्या कधी बाहेर काढाव्या लागतात, तर कधी नवी फाइल आत घालावी लागते. या कामासाठी आजही सर्रास वापरला जाणारा एक मार्ग म्हणजे एफटीपी, म्हणजेच फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल.

मी मूळचा सॉफ्टवेअरवाला. पण आमच्या टीमचं टेस्टिंगचं सेटअप आम्हीच सांभाळतो, त्यामुळे स्विचशी नेहमी गाठ पडते. या लेखात मी सिस्कोचा कॅटॅलिस्ट २९६० हा स्विच उदाहरणाला घेतोय. जुना आहे, पण खूप लॅबमध्ये दिसतो, आणि पॅकेट ट्रेसर या सरावाच्या सॉफ्टवेअरमध्येही तोच आहे. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

आधी एक गोष्ट तपासा

घरी वायफाय राउटरला जोडलेला पाच पोर्टचा स्वस्त स्विच असेल तर हा लेख त्याच्यासाठी नाही. त्याला अनमॅनेज्ड स्विच म्हणतात. त्याला स्वतःचा आयपी ॲड्रेस नसतो, सेटिंग नसतं, त्यामुळे बॅकअप घेण्यासारखंही काही नसतं. वायर लावायची आणि विसरून जायचं. आपण बोलतोय ते मॅनेज्ड स्विचबद्दल.

स्विचमध्ये असतात तरी कोणत्या फाइली?

मुख्यतः दोन प्रकारच्या. पहिली म्हणजे स्विचची ऑपरेटिंग सिस्टिम, जसं मोबाइलमध्ये अँड्रॉइड. सिस्कोच्या स्विचमध्ये तिला आयओएस म्हणतात (आयफोनच्या आयओएसशी तिचा संबंध नाही). २९६०मध्ये ही एकच मोठी फाइल असते, साधारण दहा-बारा एमबीची, आणि ती ३२ एमबीच्या फ्लॅश मेमरीत बसते. हो, एमबीच. तुमच्या एका रीलपेक्षाही लहान जागेत अख्ख्या लॅबचं नेटवर्क चालतं.

दुसरी म्हणजे कॉन्फिगरेशन, म्हणजे सेटिंगची साधी टेक्स्ट फाइल. ती असते काही केबींची, पण खरा जीव तिच्यातच असतो. कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये आहे, कोणत्या पोर्टवर वरच्या मजल्याची लाइन येते, कोणता पोर्ट मुद्दाम बंद ठेवलाय, सगळं तिच्यात. (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे पाडलेले वेगवेगळे गट. अकाउंट्सवाले एका गटात, पाहुण्यांचं वायफाय दुसऱ्या गटात, असं.)

माझ्या ओळखीतल्या एका छोट्या ऑफिसमध्ये पावसाळ्यात वीज कडाडली आणि स्विच गेला. नवा स्विच त्याच दिवशी आला. पण जुन्याचं सेटिंग कोणाकडेच नव्हतं. ज्याने ते पाच वर्षांपूर्वी लावून दिलं होतं, त्याचं कंत्राट केव्हाच संपलेलं. मग एकेक केबल ओढून ती कोणत्या टेबलापर्यंत जाते हे बघत दोन दिवस गेले. काही केबींची एक फाइल कुठेतरी कॉपी करून ठेवलेली असती, तर हेच काम चहा पिईपर्यंत झालं असतं.

एफटीपी आलं कुठून?

एफटीपी हे इंटरनेटपेक्षाही जुनं आहे. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१मध्ये आरएफसी ११४ म्हणून आला आणि तो लिहिला अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे हे विद्यार्थी तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होते. आज जे एफटीपी वापरात आहे त्याचे मुख्य नियम ऑक्टोबर १९८५च्या आरएफसी ९५९मध्ये आहेत. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या बहुतेकांपेक्षा ते वयाने मोठं आहे.

ब्राउझरवाल्यांनी त्याला केव्हाच निरोप दिला. २०२१मध्ये फायरफॉक्स ९० आणि क्रोम ९५ या आवृत्त्यांतून एफटीपी पूर्ण काढून टाकलं गेलं. पण स्विच, प्रिंटर, सीसीटीव्हीचे कॅमेरे असली यंत्रं दहा-पंधरा वर्षं चालतात आणि त्यांच्यात एफटीपी अजून जिवंत आहे.

दोन दरवाजे: सगळी मेख इथे आहे

एफटीपीची एक सवय समजली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात. आपण फाइल पाठवतो तेव्हा एक नाही, दोन कनेक्शन होतात.

पहिलं बोलण्यासाठी. ते सर्व्हरच्या २१ नंबरच्या पोर्टवर होतं. 'मी अमुक, माझा पासवर्ड तमुक, मला ही फाइल दे' एवढीच बोलणी त्यावरून चालतात. सर्व्हर तीन आकडी कोडमध्ये उत्तर देतो. २२० म्हणजे मी तयार आहे, ३३१ म्हणजे पासवर्ड सांग, २३० म्हणजे आत ये, ५३० म्हणजे लॉगिन झालेलं नाही. फाइल नीट पोचली की २२६ येतो.

दुसरं कनेक्शन प्रत्यक्ष फाइलसाठी. ते प्रत्येक वेळी नव्याने उघडतं आणि काम झालं की बंद होतं. हे दुसरं कनेक्शन कोणी कोणाला लावायचं, यावरून दोन पद्धती आहेत. ॲक्टिव्ह पद्धतीत क्लायंट म्हणतो, 'मी माझा अमुक पोर्ट उघडलाय, तू इकडे ये,' आणि सर्व्हर आपल्या २० नंबरच्या पोर्टवरून क्लायंटकडे येतो. पॅसिव्ह पद्धतीत उलटं. सर्व्हरच एक पोर्ट उघडतो, त्याचा नंबर सांगतो आणि क्लायंट तिथे जातो.

पॅसिव्हमध्ये सर्व्हरचं उत्तर २२७ या कोडने येतं आणि त्यात कंसात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ (१९२,१६८,१०,५,१९५,८०). पहिले चार म्हणजे आयपी ॲड्रेस. शेवटच्या दोनांत पोर्ट लपलेला असतो: १९५ गुणिले २५६, अधिक ८०, म्हणजे ५००००. लॉगमध्ये हे आकडे दिसले की लगेच कळतं, फाइल कोणत्या दरवाजाने जायला बघतेय.

आता फायरवॉलचा विचार करा. तुम्ही त्यात २१ नंबरचा पोर्ट उघडून दिलात. त्यामुळे लॉगिन मस्त होतं. पण फाइल जायची वेळ आली की दुसरं कनेक्शन ५००००वर येतं आणि फायरवॉल म्हणते, हा कोण? थांब बाहेर. तुमच्या डोळ्यांसमोर काय घडतं? पासवर्ड बरोबर, लॉगिन बरोबर आणि स्क्रीन ढिम्म. मग माणूस पासवर्ड बदलतो, केबल बदलतो, स्विच रीस्टार्ट करतो. दोष यातल्या कशातच नसतो.

जोडणी कशी करायची?

सिस्कोच्या या स्विचमध्ये स्विच हा क्लायंट असतो आणि कॉम्प्युटर सर्व्हर. सुरुवातीला हे उलटं वाटतं, कारण आपण बसलेलो असतो कॉम्प्युटरसमोर. पण कमांड स्विचवर द्यायची असते, आणि स्विच कॉम्प्युटरकडे जाऊन फाइल ठेवतो किंवा घेऊन येतो.

नव्या स्विचला आयपी नसतो, म्हणून पहिल्यांदा कन्सोल केबल लागते. तिचं एक टोक स्विचच्या कन्सोल पोर्टमध्ये, दुसरं यूएसबी कन्व्हर्टरमधून लॅपटॉपला. पुट्टी उघडा, सिरियल निवडा, स्पीड ९६००. एंटर दाबलं की स्विच बोलायला लागतो. मग त्याला आयपी द्या:

इनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
इंटरफेस व्हीलॅन १
आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.२ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एंड

लॅपटॉपला १९२.१६८.१०.५ हा आयपी हाताने द्या आणि साध्या लॅन केबलने स्विचच्या कोणत्याही मोकळ्या पोर्टला जोडा. तो पोर्ट व्हीलॅन १मध्ये असायला हवा. नव्या स्विचवर सगळेच पोर्ट त्यात असतात.

लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर हवा. विंडोजवर फाइलझिला सर्व्हर चालेल. लक्षात घ्या, फाइलझिला क्लायंट आणि फाइलझिला सर्व्हर ही दोन वेगळी सॉफ्टवेअर आहेत, आणि बरेच जण पहिलं उतरवून बसतात. सर्व्हरमध्ये एक यूजर बनवा, त्याला एक रिकामा फोल्डर द्या आणि त्यात लिहायची परवानगी द्या. पॅसिव्हसाठी पोर्टची ठरावीक रेंज देता येते. ५०००० ते ५०१०० द्या, आणि विंडोज फायरवॉलमध्ये २१ आणि ही रेंज, दोन्ही उघडा. लिनक्सवर व्हीएसएफटीपीडी वापरणार असाल तर त्यात लिहायची परवानगी मुळात बंद असते, ती सेटिंगच्या फाइलमध्ये चालू करावी लागते.

आता पिंग करून बघा. इथे विंडोजची एक गंमत होते. लॅपटॉपवरून स्विचला पिंग जातो, पण स्विचवरून लॅपटॉपला जात नाही. घाबरू नका, केबल ठीक आहे. ज्या नेटवर्कला गेटवे नाही त्याला विंडोज 'अनओळखी' समजून पब्लिक प्रकारात टाकतं आणि येणारे पिंग अडवतं. तीच फायरवॉल एफटीपीलाही अडवते, म्हणून परवानगी देताना पब्लिक या खान्यातही टिक हवी.

बॅकअप घेऊया

स्विचला सर्व्हरचं नाव-पासवर्ड सांगा:

कॉन्फिगर टर्मिनल
आयपी एफटीपी यूजरनेम बॅकअपलॅब
आयपी एफटीपी पासवर्ड (तुमचा पासवर्ड)
एंड

इथे यूजर आणि पासवर्ड याच कामापुरते बनवलेले घ्या, तुमच्या ईमेलचा पासवर्ड अजिबात नको. कारण वरच्या दोन ओळी स्विचच्या कॉन्फिगरेशनचाच भाग होतात. म्हणजे तुम्ही जो बॅकअप घेणार, त्यातही तो पासवर्ड लिहिलेला असणार.

मग मुख्य कमांड:

कॉपी रनिंग-कॉन्फिग एफटीपी:

स्विच विचारेल, समोरचा ॲड्रेस काय? १९२.१६८.१०.५ द्या. फाइलचं नाव काय? तारखेसकट द्या, म्हणजे सहा महिन्यांनी कळेल कोणती नवी. उद्गारचिन्ह उमटलं की डेटा जातोय. शेवटी किती बाइट गेले ते दिसेल.

फोल्डर उघडून फाइल नोटपॅडमध्ये बघा. ही पायरी सोडू नका. शून्य बाइटची फाइल पोचल्याचेही प्रकार होतात, आणि ते गरजेच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

काम इथे संपलं असं वाटतं, पण संपलेलं नाही. या स्विचवर व्हीलॅनची यादी बहुतेक वेळा कॉन्फिगरेशनमध्ये नसतेच. व्हीटीपी सर्व्हर या नेहमीच्या मोडमध्ये ती फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहते. तुमच्या बॅकअपमध्ये 'हा पोर्ट व्हीलॅन २०मध्ये' एवढं असेल, पण व्हीलॅन २० स्वतः नसेल. म्हणून तीही घ्या:

कॉपी फ्लॅश:व्हीलॅन.डॅट एफटीपी:

मोड ट्रान्सपरंट असेल तर व्हीलॅन कॉन्फिगरेशनमध्येही दिसतात. पण ही फाइल काही केबींची आहे, घेऊन ठेवायला काय जातंय?

परत टाकताना सांभाळा

समजा स्विच गेला, तसाच दुसरा आला. कन्सोलवरून आयपी दिला, एफटीपीचा यूजर दिला. आता बरेच जण फाइल थेट रनिंग-कॉन्फिगमध्ये कॉपी करतात. त्यात अडचण अशी की रनिंग-कॉन्फिगमध्ये कॉपी केलं की आधीचं पुसलं जात नाही, नवं त्यात मिसळतं. जुन्यातलं काही उरतं, काही बदलतं, आणि मध्येच आयपी बदलला तर तुमचं कनेक्शनही तुटतं.

त्यापेक्षा फाइल स्टार्टअप-कॉन्फिगमध्ये टाका, कारण तिथे ती जुन्याच्या जागी बसते:

कॉपी एफटीपी: स्टार्टअप-कॉन्फिग

व्हीलॅनची फाइल फ्लॅशमध्ये टाका आणि रीलोड ही कमांड द्या. स्विच विचारेल, कॉन्फिगरेशन बदललंय, सेव्ह करू? इथे नो म्हणायचं. सवयीने येस दाबलं तर आत्ता चालू असलेलं अर्धवट सेटिंग तुम्ही नुकत्याच आणलेल्या फाइलवर चढतं आणि मेहनत वाया. आपल्याला सगळीकडे 'सेव्ह करा' हेच शिकवलेलं असतं, म्हणून हा प्रश्न फसवा आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची असेल तर

आधी 'शो फ्लॅश:' देऊन मोकळी जागा बघा. जागा असेल तर जुनी फाइल पुसू नका. मग:

कॉपी एफटीपी: फ्लॅश:

कॉपी चालू असताना वीज गेली, तरी जुनी फाइल शाबूत असेल तर स्विच तिच्यावरून उठतो. जागेसाठी जुनी आधी पुसली आणि नवी अर्धवट राहिली, तर मात्र पुढच्या वेळी स्विच उठणार नाही. त्यामुळे शक्य असेल तर हे काम यूपीएसवर करा, आणि लोडशेडिंगच्या वेळेत तर नकोच.

फाइल आली म्हणजे बरोबर आली असं नाही. कंपनीच्या डाउनलोड पानावर फाइलचा एमडी५ दिलेला असतो, म्हणजे त्या फाइलचा ३२ अक्षरांचा अंगठाच म्हणा. फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी तो बदलतो. स्विचवर 'व्हेरिफाय /एमडी५ फ्लॅश:' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की तो हिशोब करून दाखवतो. दोन्ही जुळले तरच पुढे जा. 'बूट सिस्टिम फ्लॅश:' या कमांडने नवी फाइल निवडा, 'शो बूट' देऊन नावाचं स्पेलिंग तपासा, कॉन्फिगरेशन सेव्ह करा (इथे मात्र करायचंच) आणि रीलोड. स्पेलिंग चुकलं तर स्विच फक्त 'स्विच:' एवढं दाखवून थांबू शकतो. तिथे बूट कमांडपुढे जुन्या फाइलचं नाव दिलं की तो पुन्हा उठतो. जुनी पुसू नका म्हणतो ते याचसाठी.

आणि फ्लॅशमध्ये एकही धड फाइल उरली नसेल तर? मग कन्सोल केबलवरून एक्समोडेमने फाइल चढवावी लागते. ९६००च्या स्पीडला सेकंदाला जेमतेम ९६० बाइट जातात. १२ एमबीचा हिशोब करा: साडेतीन तासांहून जास्त. स्पीड आधी ११५२००वर नेला तर हेच वीस मिनिटांच्या आसपास येतं. लॅनवरून एफटीपीने मात्र काही मिनिटांचं काम.

टीएफटीपी का नको?

यूट्यूबवरच्या बहुतेक व्हिडिओंत टीएफटीपी दाखवतात, कारण ते सोपं आहे. यूजर नाही, पासवर्ड नाही, यूडीपीचा ६९ पोर्ट, बस्स. पण ते मुळात एका वेळी ५१२ बाइटचा तुकडा पाठवतं आणि 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत थांबतं. तुकड्यांचा नंबर दोन बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. गुणाकार केला की ३२ एमबीच्या आसपास मर्यादा येते. नंतर तुकडा मोठा करायची सोय आली, पण ती दोन्ही बाजूंना असावी लागते. छोट्या कॉन्फिगरेशनला टीएफटीपी ठीक. मोठ्या फाइलला मी एफटीपीच घेतो.

दुसऱ्या कंपन्यांचे स्विच

हुआवे आणि एचथ्रीसीच्या स्विचमध्ये चित्र उलटंही करता येतं. 'एफटीपी सर्व्हर इनेबल' दिलं की स्विचच सर्व्हर होतो आणि तुम्ही कॉम्प्युटरवरून त्याच्यात शिरता. इथे एक खड्डा आहे. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधलं जुनं एफटीपी मुळात आस्की मोडमध्ये असतं. टेक्स्ट फाइलच्या ओळींच्या शेवटी असलेली चिन्हं ते स्वतःहून बदलतं. ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल अशी पाठवली तर ती बिघडते, आणि कुठलाही एरर न दाखवता बिघडते. म्हणून लॉगिन झाल्यावर आधी 'बायनरी' ही कमांड द्या. शिवाय या जुन्या क्लायंटला पॅसिव्ह येतच नाही, त्यामुळे फाइल अडकली तर सरळ फाइलझिला क्लायंट वापरा.

अजूनही होत नाही?

लॉगिनच होत नसेल तर यूजर-पासवर्ड, किंवा सर्व्हरवर 'टीएलएस सक्तीचं' असं निवडलेलं असेल. जुन्या स्विचला ते जमत नाही. ५५० आला तर फाइलचं नाव चुकलंय किंवा फोल्डरला लिहायची परवानगी नाही. लॉगिन होऊन पुढे थांबलं किंवा ४२५ आला, तर दुसरा दरवाजा. सिस्कोचा स्विच मुळात पॅसिव्ह वापरतो. फायरवॉलला हात लावता येत नसेल तर 'नो आयपी एफटीपी पॅसिव्ह' देऊन दुसरी पद्धत करून बघा. आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. वायफाय आणि लॅन दोन्ही चालू असले की सर्व्हर कधी कधी २२७च्या उत्तरात वायफायचा आयपी देऊन बसतो, आणि बिचारा स्विच भलत्याच घरी जाऊन दार वाजवतो.

मोबाइलवर सराव

स्विच जवळ नसेल तरी एफटीपी समजून घेता येतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फाइल मॅनेजरमध्ये, उदाहरणार्थ शाओमीच्या, एफटीपीचा पर्याय असतो. तो चालू केला की मोबाइल सर्व्हर होतो आणि स्क्रीनवर एक पत्ता दिसतो, ज्याच्या शेवटी बहुधा २१२१ असतं. २१ का नाही? कारण १०२४च्या खालचे पोर्ट उघडायला अँड्रॉइड साध्या ॲपला परवानगी देत नाही. तो पत्ता कॉम्प्युटरच्या फाइल एक्सप्लोररमध्ये टाका (क्रोममध्ये नको, तिथे चालणार नाही) आणि मोबाइलचे फोल्डर समोर येतील. हे फक्त घरच्या वायफायवर करा. पासवर्ड न लावता हॉस्टेलच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर केलंत, तर त्या वायफायवरचा कोणीही तुमचे फोटो चाळू शकतो.

पासवर्ड उघडा जातो

पासवर्ड लावला तरी एफटीपी तो जसाच्या तसा, उघड्या अक्षरांत पाठवतं. मोबाइलचा हाच सराव चालू असताना कॉम्प्युटरवर वायरशार्क लावा आणि फिल्टरमध्ये एफटीपी टाका. 'पास' या शब्दापुढे तुमचा पासवर्ड स्पष्ट वाचता येईल. स्वतःच्या नेटवर्कवर एकदा हे बघाच. लॅपटॉप आणि स्विच यांच्यात एकच केबल आहे, मध्ये कोणी नाही, तर एफटीपी चालेल. ऑफिसच्या भरल्या नेटवर्कवर नाही, आणि इंटरनेटवरून तर नाहीच नाही.

बॅकअपची फाइलही जपा. सिस्कोच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'टाइप ७' म्हणून जे पासवर्ड झाकलेले दिसतात ते एका मिनिटात उलगडता येतात, त्यासाठी ऑनलाइन साधनं उघड उपलब्ध आहेत. लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही फाइल टाकणं म्हणजे किल्ल्यांचा जुडगा टाकणं.

स्विचला एससीपी येत असेल तर ते घ्या. ते एसएसएचवरून जातं, सगळं कुलूपबंद, आणि पोर्ट एकच, २२, म्हणजे दोन दरवाजांची कटकटही नाही. २९६०च्या सॉफ्टवेअरच्या नावात 'के९' असेल तर त्यात एन्क्रिप्शन असतं. एसएसएच चालू केल्यावर 'आयपी एससीपी सर्व्हर इनेबल' द्या आणि लॅपटॉपवरून फाइल ओढा. ओपनएसएसएच ९.० पासून एससीपीची आतली पद्धत बदलली आहे, म्हणून जुन्या स्विचशी बोलताना कमांडमध्ये उणे चिन्ह आणि कॅपिटल ओ हा पर्याय जोडावा लागतो. कधी कधी एसएसएचचे जुने अल्गोरिदमही मुद्दाम चालू करावे लागतात.

एफटीपीने काम केलं असेल तर शेवटी स्विचवर 'नो आयपी एफटीपी यूजरनेम' आणि 'नो आयपी एफटीपी पासवर्ड' द्या, कॉन्फिगरेशन सेव्ह करा, लॅपटॉपवरचा एफटीपी सर्व्हर बंद करा आणि फायरवॉलमध्ये उघडलेले पोर्ट पुन्हा बंद करा. त्या लॅपटॉपला संध्याकाळी कॅफेच्या वायफायवर न्यायचं असेल, तर हे आधी.